आप्पा, तेवढं एक स्वप्न सांगायचं राहिलं

प्रिय आप्पा,

काल दुपारी टीव्हीवर तो पिक्चर लागला. दोन वर्षांमागं दिवाळीला मी माहेरी आले होते तेव्हा आपण मलकापूरच्या थेटरात बघितलेला, तोच. आई आता माझ्याकडंच असते, सांगलीत. ती शेंगा फोडत बसली होती, मी चॅनेल बदलायला गेले आणि हात थांबला. आज तुम्हाला लिहायला बसले ते त्यामुळं.

तुम्ही तर यायलाच तयार नव्हता! पलटणीत असताना बघितले तेवढे पिक्चर बास झाले, म्हणत होता. आणि मग त्यातल्या माणसाला रोज पडणारं स्वप्न शेजाऱ्याचं निघालं, तेव्हा खुर्चीच्या कडेवर येऊन कोण बसलं होतं? उंब्रजला घरी पोचेपर्यंत गाडीत एकच घोषा, मला पडत्यात ती सपनं तरी माझीच कशावरनं?

त्या दिवसापासून वेडच लागलं तुम्हाला. सकाळी सहाला फोन. 'बरी हाईस का' नाही, काही नाही, थेट काल काय दिसलं? तुमच्या स्वप्नात मात्र नेहमी परेडच. सुभेदार ओरडतोय आणि तुमच्या पायात बूट नाहीत! सत्तरी ओलांडलेला माणूस बुटापायी दचकून उठायचा, मला हसू आवरायचं नाही. अर्थ सांगायचं खातं आईकडं. साप दिसला की देवाचं काहीतरी राहिलंय, लग्न दिसलं की वाईट, आणि कुणी मेलेलं दिसलं की त्याचं आयुष्य वाढतं.

मग तुमच्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले. आप्पा, आज तुम्ही गेलेले दिसलात! तुम्ही खूश. धा वर्सं वाढली म्हणायचा. मी तुम्हाला विहिरीत बुडवलं, बैलाकडून तुडवलं, एकदा तर उसाच्या ट्रॉलीखाली घातलं. तुम्हाला सगळं बैजवार हवं असायचं. खांदा कुणी दिला, भावकीतलं कोण आलं नाही, जावई रडले का? ढसाढसा रडले, असं मी सांगायची. हे मातूर खोटं, तुम्ही म्हणायचा.

आणि एका पहाटे खरंच स्वप्न पडलं. आपल्या दारात मांडव, आणि बोहल्यावर आईच्या शेजारी तुम्ही. गुलाबी फेटा, मिशीला पीळ, तब्येत अशी ठणठणीत की काय सांगू! पण लग्न ते लग्नच. मी घामाघूम होऊन उठले. सहाला तुमचा फोन आला तेव्हा सांगितलं, आज साध्या तापानं गेलात.

तुम्ही हसला नाही. "सुमे, रोज मरून मरून कटाळा आला गं. एकदा तरी नटून दिसू दे की मला."

गॅसवर दूध आहे म्हणून मी फोन ठेवला. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

वाईट स्वप्न बोलून टाकावं, म्हणजे ते खरं होत नाही, हेही आईचंच. मी ते गिळून बसले. वर्ष झालं आप्पा, माझ्यामुळंच झालं हे, असं वाटून जीव जळतो. काल पिक्चर संपल्यावर आईपुढं सगळं ओकले. तिचे हात शेंगांवरच होते. म्हणाली, "त्यास्नी म्हाईत हुतं. फोन ठिवला की म्हनायचे, पोरगी थापा मारतीया. मारू दे, तिला तेवढाच धीर येतोय."

आणि मी समजत होते, मी तुम्हाला धीर देतेय! सांगायचं नाही का हो? निदान एकदा रागवायचं तरी. काल मी आईच्या मांडीत डोकं घालून लहान पोरीसारखी रडले.

गेल्यापासून तुम्ही एकदाही दिसला नाही. सहाला उठून मी आठवून बघते, काहीच नसतं. रुसलाय का माझ्यावर? शपथ घेते, यापुढं एकही थाप मारणार नाही. या एकदा. फेट्यात या, तिरडीवर या, जसे दिसाल तसं सांगेन, आणि त्याचा अर्थ आईलासुद्धा विचारणार नाही.

आणि आप्पा, त्या मांडवात तुम्ही लय देखणे दिसत होता.

तुमची,
सुमी