टिकल्या काढू नयेत

मी, यज्ञेश्वर रामकृष्ण गोवंडे, वय ७९, राहणार सहकारनगर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन लिहून ठेवीत आहे. हेच पहिले व शेवटचे समजावे.

१. राहती सदनिका व बँकेतील शिल्लक मुलगा चि. आमोद यास मिळावी. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढचा.

२. माझ्या रॉकच्या रेकॉर्डी. कात्रजच्या डेअरीत बॉयलर सांभाळत असताना जुन्या बाजारातून एकेक आणल्या. इंग्रजी शिकलो तेही त्यांच्या कव्हरांमागचे वाचून. माझी पत्नी कै. सौ. वासंती हिला इंग्रजी येत नसे, पण कान तिखट. अख्खी रेकॉर्ड ऐकून झाली की आवडलेले गाणे गुणगुणून "हे कितवं हो?" विचारी. मी कव्हरवर बोट ठेवी, आणि ती कपाळाची टिकली काढून नेमकी त्या गाण्यापुढे लावी. पुढल्या वेळी सुई थेट तिथेच.

माझा मित्र बाळ साठ्ये याला हे खपत नसे. एका राजाची गोष्ट दोन रेकॉर्डींच्या चार बाजूंत सांगणारा एक अल्बम आहे. तो लावला तेव्हा म्हणाला, "वहिनी, हे एकसंध आहे. मधलं उचलून नाही ऐकायचं."

"भावजी, राजा पहिल्याच बाजूला गेला. उरलेल्या तीन बाजू सुतक आहे."

बाळ चहा न घेता उठला. मी पुढे चारही बाजू पुन्हा लावून पाहिल्या. वासंतीचेच खरे. ही रॉकवाली मंडळी एका गाण्यात सगळे सांगून टाकतात, आणि मग रेकॉर्ड भरायची म्हणून भरतात. ते गाणे सुटे ऐकले तर अंगावर काटा येतो. गोष्टीत ऐकले तर त्याची वाट बघत बसावे लागते.

३. आमोदने खराडीचे एक गिऱ्हाईक आणले आहे. त्यांना संग्रह अखंड आणि स्वच्छ हवा. आमोद म्हणाला, "बाबा, खोबरेल लावलं की टिकल्या अलगद निघतात." ते मलाही माहीत आहे, म्हणून तर हे कलम. एकही टिकली काढू नये. संग्रह एकगठ्ठा विकू नये. लोकांना घरी बोलावून टिकलीचे गाणे ऐकवावे. ज्याला जे आवडेल, त्याला ती रेकॉर्ड टिकलीसकट द्यावी. हे काम नात चि. अवनी हिने करावे. रेकॉर्ड प्लेअरही तिचाच. ती फोनवर गाणी सुटीच ऐकते, तिला समजावून सांगावे लागणार नाही. आमोदने मध्ये पडू नये. पडल्यास माझा राग नाही, पण मग सदनिकाही अवनीची.

४. एका रेकॉर्डवर टिकली नाही. वासंती दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती आणली होती. एक बाजू झाली. दुसरी "आल्यावर ऐकू" म्हणाली. मी ती पुन्हा लावलेली नाही. ती बाळ साठ्येला द्यावी. त्याने ती त्याच्या पद्धतीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. सोबत वासंतीच्या टिकल्यांचे पाकीट आहे. त्यात एकच उरली आहे. बाळ्या, नीट ऐकून लाव.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. बाळला साक्षीदार केलेले नाही. एकतर ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार असू नये, आणि दुसरे, सगळे वाचल्याशिवाय त्याने सही केली नसती.

(सही) यज्ञेश्वर रामकृष्ण गोवंडे

साक्षीदार:
१. डॉ. सुदर्शन मोहन पेंडसे (सही)
२. सौ. पद्मजा विनायक आगाशे (सही)

स्थळ: पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५