मूठ आपोआप वर गेली

६ जानेवारी, पहाटे ५.१०
आजपासून नवीन जीवन. केंदो म्हणजे बांबूच्या तलवारी घेऊन एकमेकांच्या डोक्यात हाणणं, असं ऑफिसातल्या लोकांना वाटतं. वाटू दे. केंदो म्हणजे मन. तीन वर्षं शिकतोय, त्रेपन्नाव्या वर्षी हे उमगलं. यापुढे दात घासणं, फाइल उचलणं, जेवणं, सगळं तलवार उचलल्यासारखं. पूर्ण लक्ष. हर्ष नाही, राग नाही.

५.४०
परत झोपलो. तेसुद्धा पूर्ण लक्ष देऊन.

९ जानेवारी
संपूर्ण एकाग्रतेने कचरा बाहेर ठेवून आलो. आज प्लास्टिकचा कचरा नेण्याचा वार नव्हता म्हणे. शेजारच्या ओनुमाबाईंनी पिशवी परत आणून दारात ठेवली, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. मला राग आला नाही. फक्त दार जरा जोरात बंद झालं. बायको, फुमिए, म्हणाली की तुमची मनःशांती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असेल.

१५ जानेवारी
तालमीत वाईट बातमी. आमच्या कुरेबायाशी बाई मार्चअखेर तालीम बंद करताहेत. वय एक्याऐंशी, आणि मालकाला तिथे पार्किंग करायचंय. एकतीस वर्षांत बाईंचा संघ गावच्या स्पर्धेत पहिली फेरीसुद्धा जिंकलेला नाही. कपडे बदलताना इगाराशीसान (रिटायर्ड पोस्टमन, दोन्ही गुडघे गेलेले) हळूच म्हणाले, बाई बोलून दाखवत नाहीत हो, पण जाता जाता एकदा तरी जिंकून दाखवू या त्यांना.
संघ तिघांचा. त्सुकुदा नावाची नर्स, मग इगाराशीसान, शेवटी मी. शेवटची लढत सगळ्यात महत्त्वाची. बाईंनी माणूस बरोबर हेरला.
(नंतर कळलं, तिसरं कोणी तयारच नव्हतं.)

२ फेब्रुवारी
जेवताना फुमिएला समजावलं. केंदोत जिंकल्याचा आनंद दाखवायचा नसतो. जरा मूठ उंचावली की मिळालेला पॉइंट काढून घेतात. समोरच्याचा मान राखायचा असतो. जगात दुसऱ्या कुठल्या खेळात आहे हे? ऑफिसातसुद्धा हा नियम हवा. फुमिएने विचारलं, तुम्ही जिंकलायत का कधी? म्हटलं, मुद्दा तो नाहीये. तिने रश्शातला शेवटचा मुळा घेतला. हर्ष नाही, राग नाही. पण मी तो मुळा मघापासून बाजूला सारून ठेवला होता.

१६ फेब्रुवारी, दुपारी ४
स्पर्धा झाली. हरलो. रेफरींचा घोळ. जास्त लिहीत नाही.

४.२०
लिहितोच. त्सुकुदा हरली. इगाराशीसान जिंकले, त्या गुडघ्यांसकट. एकास एक. सगळं माझ्यावर. समोर एक दंतवैद्य. बारा सेकंद उरले असताना मी त्याच्या डोक्यावर असा फटका हाणला की तिन्ही रेफरींचे झेंडे एकदम वर. आयुष्यातला पहिला पॉइंट. मग माझी मूठ किंचित वर गेली. मी उचलली नाही, आपोआप गेली. छातीपर्यंत, फार तर. रेफरी एकत्र जमले, कुजबुजले, पॉइंट रद्द. लढत पुन्हा सुरू झाली तरी मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो, तेवढ्यात दंतवैद्याने मला फटका मारून पॉइंट घेतला. तो अगदी शांत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा उपटणाऱ्याला शांत राहायला काय जातंय.

१७ फेब्रुवारी
ऑफिसात सांगितलं, थोडक्यात हुकलं. कोणी पुढे विचारलं नाही. बरं झालं.

२४ फेब्रुवारी
तालमीला गेलो नाही. एकांतात साधना करणं ही वरची पायरी. सोफ्यावर केली.

३ मार्च
गेलो नाही. पाय दुखतोय. कुठला ते ठरवतोय.

९ मार्च
फुमिएने स्पर्धेचा व्हिडिओ काढला होता. आज मला पाहायला लावला.
छातीपर्यंत नाही. दोन्ही हात तलवारीसकट डोक्याच्या वर. शिवाय उडी. मी उडी मारली होती.
वाटलं, संपला असेल. व्हिडिओ पुढे चालूच. लढत झाल्यावर बाई समोरच्या संघाच्या गुरूंपुढे गुडघे टेकून बसल्यात. जमिनीला कपाळ लावून माझ्या वागण्याची माफी मागताहेत. नंतर त्यांना उठता येईना. त्सुकुदाने काखेत हात घालून उठवलं. आणि कोपऱ्यात मी. बाईंकडे पाठ, इगाराशीसानना हातवारे करून सांगतोय रेफरी कसे चुकले ते. इगाराशीसान माझ्याकडे बघतसुद्धा नाहीयेत.
लाज वाटली. मान वर करवेना. फुमिए उठून भांडी घासायला गेली. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

१८ मार्च
माफीचं भाषण लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात रेफरींचा उल्लेख तीनदा आला. खोडला.

२९ मार्च, दुपारी ४.३०
तालमीचा शेवटचा दिवस. गेलो. बाकीचे सकाळीच सामान हलवून निघून गेले होते. जागा परत देण्याआधी बाई एकट्याच ओल्या फडक्याने लाकडी जमीन पुसत होत्या. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले, कपाळ टेकलं, सगळं बोललो. एक शब्द विसरलो नाही. कारणं दिली नाहीत. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं, आता जरा सरका, तिथलं पुसायचं राहिलंय.
सरकलो. पुन्हा एकदा वाकलो आणि निघालो. येताना फार हलकं वाटलं. केंदो खऱ्या अर्थाने आज कळलं.

५.१०
फुमिएने विचारलं, बाई काय करत होत्या? म्हटलं, जमीन पुसत होत्या. एकट्याच? म्हटलं, हो. मग तुम्ही काय केलंत?

५.५०
धावत परत गेलो. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं. सगळी जमीन पुसून झाली होती.