जॉर्जेटवरचा डांग

भेस्तान, सुरत
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय पंडितराव,

दाजींचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही नंदुरबारला बरे असाल असं धरून चालतो.

सोबतच्या पिशवीतल्या वस्तू मोजून घे. सगळ्या मी स्वतःच्या हाताने केल्यात, कुणाकडे शिकायला गेलो नव्हतो. पुठ्ठ्याची सूर्यचकती: महिना फिरवला की सूर्य कुठल्या टेकडीमागून उगवणार आणि कुठे मावळणार ते दाखवते. कॅमेऱ्याला पावसात घालायची खोळ, छत्रीच्या कापडाची, भिंगापाशी नाडी. तीनपायी स्टँडसाठी जुन्या जीन्सची पिशवी, शिवण दुहेरी. आणि डांगचा नवा कापडी नकाशा. फोटोसाठी फिरणाऱ्याला घरून निघण्याआधी जे कळायला हवं ते सगळं त्यावर आहे. सकाळचा उजेड कुठे पडतो, सावली कुठून चढते, गाडी कुणाच्या अंगणात लावायची, चहा कुठे मिळतो. मोबाईल रस्ता दाखवतो, कबूल. पण वघईच्या पुढे रेंज गेली की मोबाईल हा फक्त आरसा.

'नवा' हा शब्द तू वाचलाच असशील. त्यावर नंतर येतो.

हाताने लिहितोय, कारण माझं नाव दिसलं की तू फोन कापतोस. छाया माहेरी येतेच आहे, तिच्या हाती पाठवतो. पाकिटाला चारही बाजूंनी स्टेपल मारलेत. तुझी बहीण विचारत होती, "भावाला पत्र लिहिलंय की बॉम्ब पाठवताय?" स्टेपलचं कारण शेवटी आहे.

इकडची खबर. पलसाण्याच्या मिलमध्ये नवीन मशीन आलं. चालवायला शिकवणारा इंजिनीयर आला नव्हता, तोवर मी चालवून पाहिलं. थोडा धूर झाला, पण कापड उत्तम निघालं. भेस्तानच्या गल्लीत पुन्हा खोदकाम चालू आहे. गुडघा बरा आहे. तुझा कसा आहे?

गुडघ्यावरून आठवलं. मागच्या वर्षी आपण अंबिका नदीच्या वळणाचा सूर्यास्त टिपायला गेलो होतो. नकाशावर पट्टी ठेवून तू म्हणालास, "दाजी, चारच किलोमीटर, आरामात पोहोचू." आपण आरामात निघालो. पोहोचलो तेव्हा सूर्य कधीच गेला होता, आणि तू काळ्याकुट्ट दरीचा फोटो काढून मला दाखवलास, "घ्या, सूर्यास्त." त्यानंतर तुझ्या लेकीच्या, नूतनच्या हळदीला, सगळ्या पाहुण्यांत, मी म्हणालो की नकाशा अचूक होता, पंडितचे पाय बैलगाडीचे आहेत. लोक हसले. तू हसला नाहीस, हे मला दिसलं होतं. पण तेव्हा वरणबट्टी वाढत होते.

आता कापडाविषयी थोडं. तो जुना नकाशा मी मिलमधल्या ग्रे जॉर्जेटच्या तुकड्यावर काढला होता. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं, न धुतलेलं कापड. रंग पक्का व्हावा म्हणून नंतर उकळून घेतला. रंग असा पक्का बसला की आजही नखाने निघत नाही. जॉर्जेटचा स्वभाव असा की उकळलं की आटतं. रुंदीला कमी, लांबीला बक्कळ. अंतर मोजायची पट्टी मी नकाशाच्या तळाला आडवी काढली होती. आपला रस्ता उभा होता, म्हणजे जास्त आटलेल्या बाजूचा.

इतकंच. बाकी तू हुशार आहेस.

छायाने हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. वरही न बघता म्हणाली, "कपडा आटना, पन तुमनं तोंड काई आटस नई." मिलमध्ये कापड आटण्यावर माझा शब्द शेवटचा असतो. घरात नसतो.

म्हणून नवा नकाशा आधी उकळलेल्या कापडावर काढला, आणि खात्री करायला गेल्या महिन्यात एकटाच वघईला गेलो. दुपारी वळणापर्यंत चालून आलो, अंतर तंतोतंत जुळलं. चकतीने सांगितलं तिथेच सूर्य उतरायला लागला. तुला खोटं वाटेल, पण नदी तांब्याच्या तारेसारखी दिसत होती. आणि मी तिथून बराच अलीकडे, आपण गाडी लावतो त्या काकांच्या अंगणात, गवताच्या गंजीवर उभा होतो. खाली त्यांचा कुत्रा होता.

जुन्या नकाशावर त्या अंगणापाशी तुझ्या अक्षरात 'कुत्रा चावत नाही' असं लिहिलंय. मी विश्वासाने नव्यावर उतरवून घेतलं. पंडित, ही माहिती अपूर्ण आहे. कुत्रा तुला चावत नाही. काका बाजारातून परतले तेव्हा मी खाली उतरलो. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तुमचे ते हसरे पाहुणे नाही आले?" चहावाल्या मावशींनीही तेच विचारलं. मला चहा दिला, पण बशीत बिस्कीट नव्हतं. तुझ्याबरोबर असताना दोन असायची.

घरी येऊन नकाशा नीट पाहिला. उजेड, सावली, अंतर माझं. अंगण, चहा, पाऊलवाट कुणाच्या शेतातून जाते आणि त्याला काय म्हणून हाक मारायची, ते सगळं तुझं. त्याशिवाय नकाशा म्हणजे नुसतं कापड, आणि साडीलाही पुरणार नाही एवढं.

तेव्हा एक दुरुस्ती हवी आहे. त्या कुत्र्याला तू काय नावाने हाक मारतोस, ते कळव. किंवा येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये आणि स्वतःच हाक मार. चपला आणू नकोस, बूट आण. तुझ्या चालीने चालू. मी मागे राहीन.

तुझा,
सुकलालदाजी

ता. क. स्टेपलचं कारण. पर्वत पाटियाचे टूरवाले प्रवीणभाई नकाशा छापायला मागत होते. कोपऱ्यात 'पाहणी: सुकलाल आणि पंडित' असं आहे, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "काका, नकशो तो मस्त छे, पण आ पंडित कोण? एक ज नाम राखो." एकच नाव ठेवायचं म्हणे. मी नकाशाची घडी घातली आणि त्यांचा चहा तसाच ठेवून उठलो. तुझ्या बहिणीला एवढंच माहीत आहे की त्यांना नकाशा आवडला नाही. पंचाहत्तर हजार देत होते.