अण्णांच्या चाकूवरच्या लाटा

सिल्वासा,
रविवार, ९ मे १९९३

श्री. भास्करराव यांस सिल्वासाहून मेहुणा श्रीकांत याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनाने. पाठीत उसण भरली आहे, तिचं कारण पुढे ओघाने येईल.) इकडे ऊन सोडलं तर कशाचीच तक्रार नाही. तुमची साखर कुठवर उतरली? मंगलावहिनींच्या गुडघ्यांना नव्या इमारतीची लिफ्ट मानवेल असं शोभा म्हणते. वास्तुशांतीची पत्रिका मिळाली. त्यात गणपतीच्या खाली तुमचं नाव ठसठशीत अक्षरांत आहे आणि गणपतीपेक्षा किंचित मोठं आहे, ते पाहून बरं वाटलं.

पत्रिकेपाठोपाठ तुमचं कार्डही आलं. 'चाकू तयार झाला का? तीस तारखेच्या आत हवा. कुणाजवळ बोलू नका, बरोबर घेऊनच या.' भास्करराव, असला मजकूर उघड्या कार्डावर लिहू नये. आमच्या पोस्टमनने तो अर्थातच वाचला, आणि गेले आठ दिवस तो टपाल माझ्या हातात न देता फाटकावरूनच आत टाकतो आहे. शाळेच्या सुटीतल्या जादा वर्गात मुलं पूर्वी मला घाबरत नव्हती, ती आता जरा शांत बसतात. तेवढ्यापुरते तुमचे उपकार आहेत. नव्या हॉलमध्ये काचेचा शोकेस केला आहे, आत दिवा आहे आणि मधल्या खणात अण्णांचा चाकू ठेवायचा आहे, असं वहिनींनी वेगळ्या पत्रात शोभाला कळवलं, म्हणून घाईचं कारण समजलं. शोभाने ते पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं.

चाकूची हकिगत तुम्हाला सांगणं म्हणजे तुमच्याच वडिलांची ओळख तुम्हाला करून देणं. तरी एक गोष्ट लिहितो. अण्णा बोटीवरच्या इंजिनरूममध्ये असताना कुठल्याशा बंदरात त्यांनी तो घेतला. घडीचा चाकू, हाडाची मूठ, आणि पात्यावर त्या राखाडी लाटा. अण्णा गेल्यावर वाटण्या झाल्या. घर, भांडी, घड्याळ, सगळ्यांवर शोभाने हसतमुखाने पाणी सोडलं. तिला काय हवं असं कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. चाकू तुमच्या बॅगेत जात होता तेव्हा ती माझ्या मागे उभी होती आणि माझ्या शर्टाची बाही तिने मुठीत धरली होती. बाही उसवली, पण तुमचं तिकडे लक्ष नव्हतं. माझंही बाहीकडेच होतं.

दिवाळीत तुम्ही दुधनीचा तलाव पाहायला आलात तेव्हा त्या चाकूने तुम्हाला सफरचंदही कापता आलं नाही. इथे एवढे कारखाने आहेत, कुणीतरी धार लावून देईल, असं म्हणून तुम्ही तो माझ्या हवाली केलात. मी विज्ञान शिकवतो, हेही तुम्ही त्या वेळी कौतुकाने म्हणालात. तिथून सगळं बिनसलं. विज्ञानाच्या मास्तराला कुणी जबाबदारी दिली की तो आधी वाचायला बसतो. मीही बसलो. या पोलादाला दमास्कसचं पोलाद म्हणतात. मूळचं पोलाद आपल्याच दक्षिणेतून तिकडे जायचं आणि नाव मात्र त्या शहराचं झालं. (आमच्याकडेही पुरणपोळ्या शोभा करते आणि पाहुणे माझं कौतुक करून जातात.) हल्ली दोन जातींचं पोलाद, एक जास्त कार्बनचं आणि एक कमी, एकावर एक रचून लालभडक तापवतात, ठोकतात, दुमडतात, पुन्हा ठोकतात. घडीच्या पोळीला जसे पदर सुटतात तसे त्याला पदर येतात. लाटा म्हणजे ते पदर. त्या वरून काढलेल्या नसतात, आरपार असतात. हे मी शोभाला दोन दिवस समजावलं. ती तांदूळ निवडत होती.

बाजारात सायकलच्या चाकावर धार लावणारा येतो, त्याच्याकडे मी गेलो नाही. भरधाव चाकावर पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. तेव्हा स्वतःच करावं असं ठरवलं. घरात धार लावायचा निसणा नव्हता, पण देवघरात सहाण होती. दगड तो दगड, शिवाय सोवळ्यातला. तासभर वाकून पाजवलं (उसण तेव्हाची, अजून गेलेली नाही). पातं प्रत्येक घासागणिक वेगळ्या कलाने टेकत होतं, त्यामुळे धार आली नाही, उलट होती ती गोल झाली. सहाण मी धुतली, पण पुरेशी धुतली नसावी. दुसऱ्या दिवशी देवांच्या कपाळी काळपट गंध लागलं. शोभाने बाळकृष्णाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग मी किलवणीच्या बाजारातून खरा निसणा आणला आणि चाकूला हात लावण्याआधी सराव म्हणून घरच्या विळीला धार लावली. त्या दिवसापासून विळीने वांगंसुद्धा कापलं नाही, नुसतं दाबलं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता जाणकाराकडे जावं. आमच्या शेजारी झुंबर राहतो. धुळ्याकडचा आहे, इथे भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात. माणूस इतका भला की नाही म्हणणं त्याला ठाऊक नाही, हीच त्याची एक अडचण. मी चाकू त्याच्या हाती दिला आणि फक्त धार म्हणालो. लाटांबद्दल बोलायचं राहून गेलं, कारण त्या दिसतच होत्या. संध्याकाळी तो पळत आला, चाकू रुमालात गुंडाळलेला. सर, भलते डाग पडेल व्हते त्याच्यावर, घासी घासी सारे काढले, आता तोंड पाहा त्याच्यात, असं म्हणून त्याने रुमाल उघडला. मी तोंड पाहिलं. स्वच्छ दिसत होतं, घाबरलेलं. एकही लाट उरली नव्हती. चहाच्या ट्रेसारखं पातं लखलखत होतं आणि झुंबर माझ्या शाबासकीची वाट पाहत उभा होता. मी ती दिली. दुसरं काय करणार?

मी तुम्हाला 'काम चालू आहे' अशी जी तीन कार्डं पाठवली, ती यानंतरच्या दोन महिन्यांतली. काम म्हणजे माझा जीव टांगणीला लागणं, आणि ते खरोखरच चालू होतं. लाटा आरपार असतात हे मीच सांगितलं होतं, पण डोळ्यांना दिसत नसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला विज्ञानाचा मास्तर फार कच्चा. पुस्तकात लिहिलं होतं की आम्लाने लाटा उठतात, कारण एक पदर जास्त काळवंडतो आणि दुसरा कमी. शाळेत आम्ल आहे, पण कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या मुख्याध्यापकांच्या खिशात, आणि खिसा देवगडला. मी रोज निसण्यावर एकाच कलाने, हळूहळू, दोन्ही बाजू सारख्या, असा हात बसवत राहिलो. धार मात्र आली. हातावरचे केस उतरू लागले. (डावा हात पाहाल तर ओळखणार नाही.) पण शोकेसमध्ये धार कुणाला दिसते? तुम्हाला लाटा हव्यात, आणि माझ्याकडे आरसा होता.

गेल्या रविवारी लोणच्याच्या कैऱ्या आल्या. विळी माझ्या कृपेने निकामी, म्हणून शोभाने मला न विचारता चाकू उचलला. मी ओरडलो, कारण आंबट आणि लोखंड यांचं जमत नाही. तिने माझ्याकडे न बघता फोडी करायला घेतल्या. टोपली संपेपर्यंत कैरीचा चीक आणि रस पात्यावर वाळत गेला. मग तिने पातं पुसलं आणि पुसता पुसता थांबली. मी जवळ गेलो. आधी टोकाशी, मग पार मुठीपर्यंत, फिक्या राखाडी लाटा वर आल्या होत्या. अण्णा रजेवर घरी आले की अंगणात बसून ह्याच चाकूने कैरी कापून मीठ लावून द्यायचे, आणि मे महिन्यात ह्या लाटा अशाच उठून दिसायच्या, असं ती म्हणाली. लहानपणी तिला वाटायचं की चाकू समुद्रावरून आला म्हणून. मग ती रडली. अण्णा गेले तेव्हा सगळ्यांचा चहा करण्यात तिचं रडायचं राहून गेलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी झुंबरला बोलावून लाटा दाखवल्या. सर, डाग परत उनात (म्हणजे आले), असं तो खिन्नपणे म्हणाला आणि पुन्हा घासून द्यायला तयार झाला. त्याला मी मोठ्या मुश्किलीने घरी पाठवलं.

तर अशा रीतीने, माझ्या अभ्यासाप्रमाणेच सगळं घडून, चाकू तयार आहे. धार उत्तम, लाटा जागच्या जागी. एकोणतीसला संध्याकाळी आम्ही पोचतो, येताना चाकू घेऊन येतो. वहिनींना नमस्कार.

आपला,
श्रीकांत

ता. क. शोकेसमध्ये पातं नुसतं पडून राहिलं तर दमट हवेने गंज धरेल. अधूनमधून तेलाचं बोट फिरवावं लागेल आणि वर्षातून एकदा टोपलीभर कैऱ्या कापाव्या लागतील. मंगलावहिनी लोणचं विकतचं आणतात, म्हणून आधीच कळवतो.

ता. ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी शोभाने वाचलं. 'येताना चाकू घेऊन येतो' या शब्दांवर तिने काट मारली आहे, ती शाई सांडल्याची खूण नव्हे. मी तिला म्हटलं, भास्कररावांना काय वाटेल? खालचं अक्षर तिचं आहे. मत दोघांचं आहे.

दादा, चाकू मी ठेवून घेते. तेव्हाच मागायला हवा होता, पण तू बॅगेची चेन लावलीस आणि मी ह्यांची बाही धरून उभी राहिले. ह्यांनी सगळं लिहिलं, एक राहिलं. अण्णा पहिली फोड मला द्यायचे आणि दुसरी तुला, म्हणून तू चिडायचास. वास्तुशांतीला मी त्याच चाकूने कापलेल्या कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी आणते आहे. मधल्या खणात तीच ठेव, दिवा लागला की छान दिसेल. आणि उघडशील तेव्हा पहिली फोड तू घे.