जखमा बांधणाऱ्या बाईला काय हवंय

५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. फोन केला की बाबा स्पीकर लावायला सांगतात, आणि मग आपल्या बोलण्यात त्यांच्या गुडघ्याशिवाय दुसरं काही उरत नाही.

तर सुट्टीत आपण सगळे जमणार, तेव्हा मी माझा फाशांचा खेळ आणतोय. तोच, ज्याला तू वाढलेल्या घोड्यांची भातुकली म्हणतेस. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, गोष्ट मी सांगणार, आणि कुणाचा डाव जमला की फसला ते फासे ठरवणार. नवख्या माणसाला स्वतःचं पात्र रचायला बसवलं की त्याचा उत्साह तिथेच मरतो, म्हणून मी ती आधीच तयार करून नेतो. एका पात्राला एक कागद. आमच्या खेळाच्या दुकानात यातला उस्ताद समजतात मला. गुपित सोपं आहे: पहिल्याच ओळीत त्या पात्राला काय हवंय ते लिहायचं. मग लोक कागदावर झडप घालतात.

आपल्यासाठी पाच कागद केले आहेत, ते सोबत जोडतो. बाबांना गादी गेलेला राजा, काकांना चोर, हिला जादूगारीण, तुला जखमा बांधणारी वैद्यबाई. जहाजाची कप्तान जास्तीची आहे, कुणालाच निवड नाही असं वाटू नये म्हणून. जरा वाचून कळव.

आणि हो, बाबा सांगत होते की तू ती बढती नाकारते आहेस. बरं केलंस. तू गेलीस तर त्यांचं कोण बघणार?

माया अशीच राहू दे, कागद वाचल्यावरसुद्धा.
तुझा धाकटा


११ मे

चि. उस्तादांस,
अ. उ. आ.

कागद वाचले. काकांचा चोर फारच छान. अंधाराला घाबरणारा चोर म्हणजे काकांना आरसाच दाखवलास, फक्त ते त्यात बघणार नाहीत. तुझ्या बायकोची जादूगारीण रागावली की ओठ घट्ट मिटते, हे तू लिहिलंस आणि तिला दाखवलंही असशील, तर तुझ्या धाडसाचं कौतुक आहे. बाबांच्या राजाला मात्र नऊ ओळी आणि तीन पदव्या कशाला रे? ते पहिल्या फाशालाच तहान लागली म्हणतील.

आता माझी बाई. राजाला गादी हवी, चोराला हिरा हवा, जादूगारणीला सूड हवा. तुझाच नियम, पहिली ओळ. माझ्या बाईच्या पहिल्या ओळीत काय आहे, तर 'शांत, सोशिक, सगळ्यांच्या जखमा बांधते.' दुसरीत, 'कधी दमत नाही.' तिसरी ओळ नाहीच. मी कागद उलटा करूनही पाहिला. लेका, त्या जास्तीच्या कप्तानीलासुद्धा तू स्वतःचं बेट शोधायला लावलंस, आणि माझ्या वाट्याला फक्त बँडेज!

शिवाय मी बढती नाकारलेली नाही. तसं बाबांनी ठरवलं, तू मान डोलावलीस, आणि मला ते तुझ्या पत्रातून कळलं. परगावच्या नव्या शाखेत नकाशे काढणाऱ्यांची प्रमुख म्हणून बोलावलंय मला. आजवर मी आखलेल्या नकाशांवर दुसऱ्याची सही असते, तिथे माझी असेल. मला जायचंय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय आणि रोज सकाळी बाबांच्या गोळ्या काढताना माझा धीर सुटतो. हे तुला सांगितलं, स्पीकरवर बोलू नकोस.

राग आला तरी जेवून घे.
तुझी ताई


१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, खेळातल्या कागदाचं एवढं मनाला लावून घेतात का? तू आपली पटकन चिडतेस. तरी तुझ्या शब्दाखातर बाई दुरुस्त केली. आता तिला एक इच्छा आहे: 'सगळे सुखरूप घरी परतावेत.' शिवाय एक मांजर दिलंय. मांजरामुळे पात्र लगेच आवडतं, हा माझा अनुभव आहे.

बढतीचं मात्र नीट विचार करून ठरव. तुझा हक्क आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण बाबांना तुझ्या हातची सवय. माझं म्हणशील तर माझं ऑफिस, हिचं ऑफिस, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड. इच्छा खूप आहे गं, पण जमणार कसं?

रागातला थोडा भाग काकांसाठी शिल्लक ठेव.
तुझा धाकटा


१९ मे

चि. मांजरवाल्यास,
अ. उ. आ.

बाईची इच्छा काय, तर बाकीचे घरी परतावेत. धन्य आहेस! हे लिहिताना तुझा हात एकदाही अडखळला नाही, याचंच मला नवल वाटतं. तुझं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरूनच चालतं, हे गेल्या सुट्टीत तूच फुशारकीने सांगत होतास. सगळ्यांनी ऐकलंय.

सुट्टीत ये. खेळू आपण.

काळजी घे, अर्थात स्वतःची. दुसऱ्या कुणाची घ्यायचा तुला सराव नाही.
तुझी ताई


२७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी पोचलो. प्रवासभर ही ओठ घट्ट मिटून होती, कागदावरच्या जादूगारणीसारखी.

परवा तू माझी चांगलीच जिरवलीस. मी कागद मांडतोय तोवर तू कप्तानीचा उचललास. बदल म्हणून घेतला असशील, असं मी समजलो. मग गुहेत राजा पडला, चोर पडला, जादूगारीण पडली, आणि सगळे सवयीने तुझ्याकडे बघायला लागले. तू म्हणालीस की वैद्यबाईचा कागद कुणी घेतलाच नाही, तो तिथे पडलाय, आणि तुझं जहाज तर निघालं. फासा टाकलास तोही नेमका सहाचा! काकांना हसू आवरेना. आणि त्याच हसण्यात तू बढती घेणार असल्याचं बाबांना सांगून टाकलंस. बाबा उठून आत गेले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

ताई, हात जोडतो. एक वर्ष थांब. त्यांना हा धक्का सोसणार नाही. पुढच्या वर्षी मी नक्की काहीतरी करीन. उत्तर दिलं नसशील तर अजून वेळ आहे.

या वेळेला माझं ऐकशील एवढा विश्वास आहे.
तुझा धाकटा


३० मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज सकाळी होकार कळवला. बाबांच्या गोळ्या काढायच्या आधीच कळवला.

धक्क्याचं म्हणशील तर तू गेल्यावर मी बाबांच्या खोलीत गेले. वाटलं, बोलणार नाहीत. ते खिडकीशी गुडघा शेकत बसले होते; त्यासाठीच उठून आले होते म्हणे. मी रडतच विचारलं की मी गेल्यावर तुमचं कसं होणार. त्यांना प्रश्न कळेचना. दोनदा विचारावं लागलं. मग ते म्हणाले की त्यात विचारायचं काय, मला मुलं दोन आहेत. मी कधी हो म्हटलं नाही, म्हणून बढती मला नकोच आहे असं ते धरून चालले होते.

इतकी वर्षं मला वाटत होतं, या कामाला त्यांनी फक्त मला धरलंय. तसं तुलाही वाटत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात डाव्या फळीवर असतो. माया आहेच, ती कमी होणार नाही. येण्याची तारीख तेवढी कळव.
तुझी ताई