रुमाल टाकला मंठ्याच्या गाडीत

शुक्र. २ जाने.
सकाळी तलावाच्या बागेत विमलभाभींना ओढून नेलं. भिंतीला भिंत लागून घर, पण त्यांचे यजमान, शेठजी, गेल्यापासून वर्षभर बाईंनी उंबरा ओलांडलेला नाही. कापडाचं दुकान बंद. आता मुलगा नीलेश त्यांना कायमचं पुण्याला न्यायला पुढच्या रविवारी येतोय. भाभी होही म्हणत नाहीत, नाहीही. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. स्वार्थ आहे, उघड लिहिते.
बागेत चकरा मारता मारता म्हटलं, परवा एसटीनं शहागडला जाऊ, गोदावरीकाठी दिवसभर भटकू.
"पाय चालतील का, सुनंदाताई?"
"पुण्याला चालतात, मग शहागडला काय झालं?"
हसल्या. म्हणजे ठरलं.

रवि. ४ जाने.
काय दिवस गेला!
स्टँडवर ही गर्दी. गाडी लागली तशी मी खिडकीतून रुमाल टाकला, भाभींनी पिशवी. जागा धरल्या म्हणून ऐटीत चढलो. पाटी वाचायची राहिली. शहर मागे पडल्यावर कंडक्टर म्हणतो, "शहागड? मावशी, ही मंठ्याला चालली!" जन्मभर पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा' सांगणारी मी. भाभी मात्र शांत. "राहू द्या, जागा बिलकुल चांगली भेटली."
मंठ्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो नि पायवाट धरली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ज्वारी, कणसं भरलेली. बांधाला करडई, पलीकडे हरभरा. आपला मुलूख इतका देखणा आहे आणि आपण टीव्हीवर काश्मीर बघत बसतो! भाभी पुढे, मी धापा टाकत मागे. पाय म्हणे चालतील का!
एका शेतात कौशाबाई नावाच्या बाई आगटीत कणसं भाजत होत्या. ओळख ना पाळख. "या की, हुरडा खाऊन जावा." लसणाची चटणी पुढे केली, भाभींच्या मारवाडी वळणाच्या पदराकडे पाहिलं, मागे घेतली नि गूळ दिला. "तुमच्यात लसूण चालत न्हाई. कुठल्या, जालन्याच्या?"
भाभींनी गल्ली सांगितली, दुकान सांगितलं. कौशाबाईंचा कणीस चोळणारा हात थांबला. "त्या शेठच्या घरच्या तुम्ही? अवो, माझ्या पोरींचे परकर-पोलके समदे तिथलेच. शेठ कापड फाडताना चार बोटं जास्ती सोडायचे. म्हनायचे, वाढत्या अंगाची पोरगी हाय, राहू द्या."
भाभी आधी हसल्या. "ताग्यात कापड कमी भरायचं म्हणून मी जन्मभर भांडले त्यांच्याशी. मंग इथं जायचं का ते!" आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. वर्षात पहिल्यांदा, निदान माझ्यासमोर. कौशाबाई कणसं भाजत राहिल्या. किती शहाणी बाई.
निघताना भाभींनी पैसे काढले. "जेवल्या घरी पैसे देत्यात का?" म्हणून वर आपल्याच स्टीलच्या डब्यात हुरडा भरून दिला. "डबा सवडीनं आणून द्या."
परतीला भाभी एवढंच म्हणाल्या, "पुण्यात त्यांना ओळखणारं कोन हाये?"

सोम. ५ जाने.
पाय म्हणजे लाकडं. भाभी सकाळीच ओटा धूत होत्या. डबा घासून उन्हात पालथा घातलेला. माझी चाल बघून हसल्या.

गुरु. ८ जाने.
भाभींकडे तीळ भाजल्याचा वास. डब्यासाठी लाडू. "भरून आलेला डबा रिकामा देऊ नये. तुमच्यात न् आमच्यात बराबर सारखंच." तेवढ्यात नीलेशचा फोन. आवाज मोठा, मलाही ऐकू आला. रविवारी सकाळी येतो, सामान बांधून ठेव.
"ये. पण आधी एकीचा डबा द्यायचा राहिलाय."
पोस्टानं पाठव म्हणाला. लाडू पोस्टानं! पोरगा गुणी आहे, पण पुरता पुणेकर झालाय.

शनि. १० जाने.
संध्याकाळी डोकावले. एक बॅग बांधलेली, दुसरी उघडी. मध्ये लाडवांनी भरलेला डबा. विचारायचं होतं, धीर झाला नाही. जाणार असतील तर मी काय, अडवणार थोडीच. पण घर सुनं होईल माझं.
उठले तर भाभी म्हणाल्या, "सुनंदाताई, उद्या दोन रुमाल आणा. मंठ्याच्या गाडीत नीलेशची पण जागा धरायची."