देव पूर्वेला, डिश टपावर

१९ जानेवारी, सोमवार

डिशची कंपनी बदलायची. ठरलं. आता कुणाचं ऐकणार नाही.

कारण लिहून ठेवते, नंतर हे विचारतात. आमचं फिरतं घर म्हणजे जुनी स्कूल बस. यांनी एसटीतून रिटायर झाल्यावर घेतली. आत पलंग, गॅस, मोरी, टीव्ही, देवघर, सगळं. घराच्या दारात उभी असली की टीव्ही स्वच्छ लागतो. बाहेरगावी गेलं की निळा पडदा, ‘सिग्नल नाही’. टेंभुर्णीला तेच. काल कुडलच्या संगमावर तेच. अर्थ सरळ आहे. बिलावर पत्ता सोलापूरचा, म्हणून कंपनी सोलापुरातच दाखवते. मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं कळतं.

महाशिवरात्रीला आमच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम टीव्हीवर आहे. मी टाळ वाजवते, दुसऱ्या रांगेत. तो आपल्या गाडीत, आपल्या टीव्हीवर, अक्कलकोटला विहीणबाईंच्या अंगणात उभं राहून दाखवणार. परवा हळदीकुंकवाला याच तानाबाई चारचौघींत म्हणाल्या, गाडीतच राहता म्हणे, मग रेशनकार्डावर गाडीचा नंबर घातला की नाही? सगळ्या हसल्या. आमची लेक ऋतुजासुद्धा, त्यांची सून म्हणून.

बघू आता.

२१ जानेवारी, बुधवार, दुपारी

जुन्या कंपनीला फोन. एक दाबा, दोन दाबा करत शेवटी मुलगी आली. विचारते, मॅडम, गाडी कुठल्या दिशेला उभी करता? मी म्हटलं, बाई, तू टीव्हीवाली की वास्तूवाली? मग म्हणे सोडू नका, एक महिना फुकट देतो. आम्ही फुकटाला भुलणारी माणसं नाही. दोन देतेस का, एवढंच विचारलं. नाही म्हणाली.

सोडली.

२४ जानेवारी, शनिवार

नवी कंपनी आली. म्हणजे इसूफभाई आले. जुनी डिशही त्यांनीच बसवली होती, आज शर्ट तेवढा वेगळा. विचारलं, तर म्हणतात, क्या करना बाई, दोनोंका काम मैंच करता. जुनी काढली, त्याच भोकांत नवी बसवली. दारातच. आमची गल्ली अरुंद, गाडी एकाच तऱ्हेने मावते, तोंड पूर्वेला. चित्र असं आलं की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्यांचे खडे मोजावेत.

जाताना पत्र्यावर थाप मारून म्हणाले, गाडीका मुँह ऐसाच रखो, बस. मी म्हटलं, भाई, उभा जन्म एसटी चालवलेल्या माणसाला गाडी लावायला शिकवू नका. हे काहीतरी बोलणार होते. मी यांच्या हातात चहा दिला.

१ फेब्रुवारी, रविवार

चाचणी. पुन्हा कुडल. पोचल्यावर नेहमीप्रमाणे गाडीचं तोंड उत्तरेला करून घेतलं. देवघर डाव्या भिंतीला स्क्रूने पक्कं आहे. गाडी उत्तरेला वळली की देव बरोबर पूर्वेला बघतात. (घरी असलो की देव घरात येतात, तेव्हा गाडी कशीही असो.) पूजा झाली. टीव्ही लावला.

निळा.

हे म्हणाले, जरा पूर्वेला वळवून बघू की गाडी. म्हणजे देवांचं तोंड दक्षिणेला! मी म्हटलं, दक्षिणमुखी मारुती असतो, आमची अन्नपूर्णा नाही. बातम्यांसाठी देवांना यमाच्या दिशेला बसवायचं, हे एसटीत शिकवलं का? हे नदीकडे निघून गेले.

नव्या कंपनीकडे गाडीचा नंबर अजून चढलेला नाही, दुसरं काय. मेसेज करून पाठवला, इंजिन नंबरसकट.

८ फेब्रुवारी, रविवार

डिशची पूजा केली. शिडीवर चढून हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, नारळ वाढवला. शेजारची पूनम खालून फोटो काढत म्हणाली, काकू, हिची ओटीपण भरा की! हसू दे. नारळ वाया गेला नाही, संध्याकाळी चटणी झाली.

रात्री दारात टीव्ही लई छान लागला. पूजेचा गुण. तानाबाईंना लगेच फोन केला, त्या दिवशी तुमचा टीव्ही लावू नका, आम्ही आणतोय. त्या म्हणाल्या, आणा आणा, वीज वाचंल आमची.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र, अक्कलकोट

तानाबाई दारातच, बर्री बर्री, या या करत. अंगणात गाडीचं तोंड उत्तरेला. आजच्या दिवशी पिंड दक्षिणेला बघणार नाही, हे यांना वाटेतच बजावलं होतं. गाडीत गल्लीतल्या बायका, हातात शाबूच्या ताटल्या. टीव्ही लावला.

निळा.

तानाबाई म्हणाल्या, रंग झकास हाय की. मी म्हटलं, गरम व्हायला वेळ लागतो.

एवढ्यात घरातून आमच्या मंडळाचा सूर. जावईबापूंनी आतला टीव्ही लावला होता. एकेक बाई ताटली घेऊन उतरली. माझाच टाळ आत वाजतोय आणि मी अंगणात. ऋतुजा येऊन म्हणाली, आई, चल की आत, सरेल ते. मी म्हटलं, गाडीत बघणार म्हणजे गाडीतच बघणार.

मग देवघरातून देवांचं तबक काढून मांडीवर घेतलं. टीव्ही ड्रायव्हरच्या पाठीमागे आहे. तोंड तिकडे करून बसले, देवांचंही तिकडेच, आणि यांना म्हटलं, फिरवा. यांनी एका वळणात फिरवली. गाडी पूर्वेला, मी पूर्वेला, देव पूर्वेला. चित्र आलं! लख्ख!

कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात. कार्यक्रम संपला होता.

जावईबापूंनी रेकॉर्ड केलं होतं, म्हणून आत गेले. एवढे चांगले गाणारे, पण कॅमेऱ्याला अक्कल नाही. पहिल्या रांगेतल्या लालभडक शालूमागे एक कोपर आणि टाळ. तानाबाईंनी चित्र थांबवून सगळ्यांसमोर विचारलं, विहीणबाई, ह्ये तुमचंच न्हवं? मी म्हटलं, माझंच. ताल बघा की किती पक्का आहे.

त्यांच्या टीव्हीखालच्या डब्यावर नाव वाचलं. आमची जुनीच कंपनी. असू दे.

एक मात्र सिद्ध झालं. देव मांडीवर घेताक्षणी सिग्नल आला. गाडी फिरवली म्हणून आला, असं हे म्हणतात. म्हणू देत.

१६ फेब्रुवारी, सोमवार, घरी

परतताना वळसंगला थांबलो. आता युक्ती कळलीय, कुठल्या कंपनीची मिजास नको. मी मांडीवर तबक घेऊन बसले, यांनी गाडी पूर्वेला लावली, चित्र लगेच आलं. म्हटलं, आता कीर्तन लावा.

हे म्हणाले, ही ओव्हर संपू दे.

मग दुसरी संपू दे. मग तिसरी. मध्येच विचारतात, चहा टाकतेस का? मी हलले तर देव हलणार, देव हलले तर मॅच जाणार. हे त्यांना माझ्या आधी कळलं. म्हणाले, राहू दे, बस तू.

सगळी मॅच बघितली. माझे दोन्ही हात तबकाला. रिमोट यांच्याकडे.